शनिवारची बैठक आणि माझ्या भावाचं रक्त

सोनं लाल असतं, असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती म्हणाली, "इतलं शिकून हेच शिकली का वो?" आणि कढईतली भाजी हलवायला निघून गेली.

पण असतं ते लाल. सोन्याचे कण इतके बारीक केले, की कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू नयेत, आणि ते पाण्यात तरंगत ठेवले, की पाण्याला डाळिंबाच्या रसाचा रंग येतो. माझं कामच ते. भिलाईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हे लाल सोनं बनवते. दुपारी खिडकीतून ऊन येतं, बाटली हातात धरून मी उजेडात फिरवते, आणि मला वाटतं मी झोपेत आहे. कुणी हाक मारली तर मी खेकसते. माझा हा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे, म्हणून दुपारी मला कुणी हाक मारत नाही.

स्वप्नं पाहण्याची सवय मला लहानपणापासूनची. भिलाईच्या कैंप-1 वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा भंडाऱ्याकडून पोलादाच्या कारखान्यात लागायला आले आणि इथलेच झाले. ते आता नाहीत. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. भावाला सिकलसेल. आमच्याकडे हा आजार इतका घरोघरी आहे, की दवाखान्याच्या रांगेत कधीही उभं राहा, एखादा मामा नाहीतर एखादी चुलतबहीण भेटतेच. आई आणि बाबा दोघंही अर्धा-अर्धा आजार अंगात घेऊन आले होते. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. माझ्या वाट्याला काही आलं नाही, त्याच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले.

या आजारात रक्तातल्या गोल लाल पेशी प्राणवायू कमी पडला की वाकतात, विळ्यासारख्या होतात, कडक होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. जिथं अडकतात तिथं दुखतं. कसं दुखतं, ते मला शब्दांत सांगता येत नाही. मी फक्त त्याच्या नडग्या दाबत बसलेली असायची. तो दात आवळून छताकडे पाहायचा, आणि मी डोळे मिटून त्याच्या नडगीच्या आत शिरायची. हातात छोटी बॅटरी, आजूबाजूला लाल पाणी, आणि पुढं कुठंतरी पेशींची कोंडी. मी एकेकीला धक्का देऊन बाजूला सारायची. संध्याकाळी कारखान्यातली धातूची तापलेली मळी ओतली की अर्धं आकाश नारिंगी व्हायचं, तो उजेड खोलीत यायचा, आणि माझ्या मिटलेल्या डोळ्यांत आणखी लाल व्हायचं.

मोठी झाल्यावर मला कळलं, की हे स्वप्न पाहायचा लोकांना पगार मिळतो.

आमच्या कामातली माणसं तशी बरीच, पण खरं म्हणजे आम्ही तिघं. एक मी, कण बनवणारी. दुसऱ्या रक्ताच्या डॉक्टरबाई. त्या दुर्गजवळच्या एका गावातल्या. रुग्णांना औषध देणं हे त्यांचं काम नव्हे, त्या फक्त रक्त तपासतात आणि त्यावर संशोधन करतात. तिसरे भौतिकशास्त्राचे सर. ते मूळचे केरळचे, पण इथल्या सेक्टरमध्ये, कारखान्याच्या वसाहतीतच वाढलेले. सरांच्या लेखी माणूस म्हणजे नळ्यांचं जाळं. त्यांनी एका पारदर्शक रबरी तुकड्यात केसाहून बारीक नाल्या कोरल्या होत्या. त्यातून रक्त सोडायचं, प्राणवायू हळूहळू कमी करायचा, आणि पेशी कशा वाकतात, कुठं अडकतात ते पडद्यावर पाहायचं. मग मी औषध बसवलेले माझे सोन्याचे कण त्यात सोडायचे आणि कोंडी फुटते का ते पाहायचं. पुढं कधीतरी, बऱ्याच वर्षांनी, ते कण खऱ्या माणसाच्या नसेत गेले असते. ते "कधीतरी" आम्ही तिघंही जपून बोलायचो. मनात मात्र मी रोजच तिथं असायचे.

सुरुवातीला आमचं काडीचंही जमत नव्हतं. मी लाल सोनं पाठवायचे, आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत पोचलं की ते जांभळं पडायचं. जांभळं म्हणजे मेलं. कण एकमेकांना चिकटले, संपलं. मी म्हणायचे त्यांची माणसं अस्वच्छ. त्या म्हणायच्या माझं सोनं खोटं. एकदा मी पाय आपटत त्यांच्याकडे गेले आणि त्यांची भांडी घासणारी मुलगी काय करते ते पाहत उभी राहिले. ती प्रत्येक नळी मिठाच्या पाण्यानं विसळत होती, अगदी मन लावून. रक्ताच्या लोकांचं ते सोवळंच आहे, कारण साधं पाणी लागलं की रक्तपेशी फुगून फुटतात. आणि आमच्याकडे शुद्ध पाण्याशिवाय काही चालत नाही, कारण मीठ लागलं की सोनं मरतं. दोघांच्या स्वच्छतेनं दोघांचं वाटोळं केलं होतं. मग कणांवर प्रथिनांचं एक पातळ अस्तर चढवून मी ते भांडण मिटवलं, पण तोवर आम्ही एकमेकींना जे बोलायचं ते बोलून बसलो होतो.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी शनिवारच्या बैठकीची पद्धत काढली. त्या म्हणाल्या, "हम तीनों एक-दूसरे की बात समझने का नाटक करते हैं. कोई ऐसा चाहिए जो नाटक न करे." म्हणून बैठकीत एक ऐकणारा बसवायचा. तो आजारी माणूस असावा, आमच्यापैकी कुणाच्याच विषयातला नसावा. त्याला शब्द कळला नाही की त्यानं हात वर करायचा. मग बोलणाऱ्यानं थांबून तेच पुन्हा, साध्या भाषेत सांगायचं. सांगता आलं नाही तर ते आपल्यालाच कळलेलं नाही असं समजायचं.

त्या जागेवर त्यांनी माझ्या भावाला बसवलं. मी आडवी आले. घरचा माणूस नको, म्हटलं. मला खरं म्हणजे लाज वाटत होती. प्रयोगशाळेतली मी आणि घरातली मी या दोन बाया वेगळ्या आहेत, आणि त्यांची भेट होऊ नये अशी माझी इच्छा होती. डॉक्टरबाईंनी माझं ऐकलं नाही. शिवाय तो आमच्या अभ्यासासाठी रक्त देणाऱ्यांमध्येही होता. रक्ताच्या नळ्यांवर फक्त क्रमांक असायचे, नाव फक्त बाईंच्या कपाटात. कुठलं रक्त कुणाचं ते सरांना कळत नसे, मलाही नाही.

भाऊ पावर हाउसच्या बाजारात एका रंगाच्या दुकानात बसतो. गिऱ्हाइकाला भिंतीचा रंग मिसळून देणं हे त्याचं काम. तो शनिवारी दुपारी दुकानातून सुट्टी काढून यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या बैठकीत सर बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला याचा हात वर. सरांनी दुसरा शब्द वापरला. पुन्हा हात. शेवटी सरांनी खिशातून पेनाची नळी काढली, तिच्यात फुंकर मारून दाखवली आणि म्हणाले, बस, इतकंच. सगळे हसले. भाऊही हसला. मी त्याला असं अनोळखी लोकांसमोर हसताना फार वर्षांनी पाहत होते.

हळूहळू त्याची चटक लागली आम्हाला. तो आला नाही की बैठक फिकी व्हायची. मी बाटली उजेडात धरली की तो डोळे बारीक करून बघायचा आणि त्याच्या दुकानातल्या छटांची नावं सांगायचा. घरी येताना स्कूटरवर मागं बसून तो दिवसभराचं सगळं पुन्हा आईला सांगायची तयारी करायचा, मोठ्यानं. सेक्टरच्या त्या रुंद, झाडांनी भरलेल्या रस्त्यांवर संध्याकाळी मला वाटायचं, की आम्ही दोघं कुठल्यातरी मोठ्या शांत नसेतून चाललो आहोत आणि पुढं काहीही अडलेलं नाही.

मग हिवाळा आला. आमच्याकडचा हिवाळा त्याला नेहमीच जड जातो, पण या खेपेला पाठ, छाती, दोन्ही पाय, सगळं एकदम धरलं. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या ओठांवर रंग नव्हता. आई खाटेच्या कडेला बसून नुसती त्याचं नाव घेत होती. मी बाहेर उभी राहून काचेपलीकडे सलाईनच्या बाटलीतून थेंब-थेंब पडणारं पाणी पाहत होते. मला भीती वाटत होती. माझं लाल सोनं मला त्या वेळी एखाद्या खेळण्यासारखं वाटलं.

तो सावरला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावलं, की आता रोज एक कॅप्सूल घ्यायची. आधी घेत नव्हता कारण त्रास बेताचा होता. आता चुकवायची नाही. पुन्हा असं झालं तर छातीचं काही सांगता येत नाही. त्यांनी हे आईसमोर सांगितलं. आईनं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला.

ही कॅप्सूल नवी नाही. खूप वर्षांपासून आहे, खूप लोक घेतात. तिनं रक्त बदलतं, पेशी कमी वाकतात. आणि म्हणूनच आमच्या अभ्यासात पहिल्यापासून नियम होता, की ज्यांची ही कॅप्सूल चालू आहे त्यांचं रक्त घ्यायचं नाही. सरांना नाल्यांमध्ये खरी, कडक कोंडी हवी होती. कोंडीच नसेल तर माझे कण फोडणार काय? हा नियम एका शनिवारी भावासमोरच समजावून सांगितला गेला होता. त्याला एकदाही हात वर करावा लागला नव्हता.

घरी आल्यावर मी गृहीत धरलं, की त्याचं रक्त देणं संपलं. बैठकीला तो यायचा, पण ते ऐकायला. कॅप्सूलचं पाकीट त्यानं दुकानाच्या खणात ठेवलं होतं. "चहा पेल्यावर घेतो, मंग मळमळत नाही," म्हणायचा. तपासणीला परस्पर जाऊन येतो म्हणायचा. आईला अभिमान वाटायचा, की पोरगा शहाण्यासारखा वागून राहिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका शनिवारी सर फार खुशीत आले. खोलीचे पडदे ओढले, पडद्यावर चित्रफीत लावली. या आठवड्याचं रक्त, म्हणाले, आजवरचं सर्वांत उत्तम. प्राणवायू उतरू लागला तशा पेशी वाकल्या. एकीमागून एक, टोकदार, आडव्या-तिडव्या. बारीक नाली गच्च भरली आणि थांबली. सगळं स्थिर झालं. मग वरच्या बाजूनं माझे कण आले. कण दिसत नाहीत, नुसती एक फिकट लाली सरकत आल्यासारखी दिसते. थोडा वेळ काहीच नाही. मग कोंडीच्या कडेची एक पेशी हलली, तिच्यामागची हलली, आणि नाली वाहू लागली.

मी खुर्चीवरून उठलेच. लहानपणचं माझं स्वप्न तिथं पडद्यावर चालू होतं आणि ते मी डोळे उघडे ठेवून पाहत होते. डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली. सर म्हणाले, "ऐसा ब्लड मिलता रहे तो साल भर में पेपर हो जाएगा." मी आनंदानं वेडी झाले होते, हे लपवून काय करू?

आणि मग माझी नजर भावाकडे गेली. तो हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही तृप्ती होती, की जणू टाळी त्याच्यासाठी वाजली. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाचा चेहरा असतो, तसा.

माझ्या आनंदाचं पाणी झालं.

बैठकीनंतर स्कूटर मी घराकडे, कैंपाकडे वळवली नाही. सेक्टरमध्येच एका झाडाखाली थांबवली आणि उतरले. म्हटलं, "ते रक्त कोनाचं होतं?"

तो खाली बघून चपलेनं पाचोळा सारत राहिला.

"मी विचारून राहिली तुले."

"माह्यं," तो म्हणाला. आणि त्याला हसूही आलं. "चांगलं होतं ना, ताई?"

"आणि कॅप्सूल?"

"खणात आहे."

"एकही घेतली नाही?"

"घेतली असती तं तुमी माह्यं रक्त घेतलं असतं का? रक्त घेनारी ते सिस्टर दर वेळी पुसते, कोई दवा चल रही है? मी म्हनतो, नाही. खोटं नाही बोललो मी."

मी ओरडले. रस्त्यानं एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, ती थांबली. मी तिच्यावरही ओरडले असते. काय-काय बोलले ते आठवत नाही. मूर्ख म्हणाले, आईचा विचार कर म्हणाले, मेलास तर त्या पेपरवर तुझं नाव येणार नाही, नुसता क्रमांक येईल, असंही म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो स्कूटरच्या सीटवर टेकला. उन्हात त्याचे डोळे पिवळट दिसत होते, नेहमीसारखे.

"ताई, मी लहानपनापासून बिमार आहे," तो म्हणाला. "शाळेत बिमार, नोकरीले बिमार. पोरगी पाहाले गेलो तं पह्यले हेच पुसते. सबन माह्या रक्तावरून मले हाकलते. फक्त तुमच्या त्या खोलीत माह्यं रक्त पाहून लोक टाळ्या वाजवते. सर म्हनते, बहुत बढ़िया. मले सांग, दुसऱ्या कोनत्या ठिकानी कोनी म्हनलं मले बढ़िया? गोळी घेतली का मी पुन्हा नुसता पेशंट."

मला राग होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकाच जागेवरून. त्याच्या शेजारी बसले. मला सगळ्यांत वाईट याचं वाटलं, की मघाशी पडद्यावर जी कोंडी पाहून मी उठून उभी राहिले होते, ती त्याच्या नडगीतली कोंडी होती. तीच जिथं मी बॅटरी घेऊन शिरायची. आणि ती पाहून मला आनंद झाला होता.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती रागावली नाही. तिनं त्याला दुकानातून पाकीट आणायला पाठवलं. तो आणेपर्यंत दारात उभी राहिली, आणि पाण्याचा पेला त्याच्यासमोर धरून म्हणाली, "घे. आता रोज माह्या समोर. माह्याजवळ तुह्यासाठी बहुत टाळ्या आहे." त्यानं घेतली.

डॉक्टरबाईंना मी फोनवर सांगितलं. मग त्यांनी तातडीनं त्याची तपासणी वॉर्डातल्या डॉक्टरांकडून करवून घेतली, आणि पुढच्या शनिवारी त्याला बैठकीला यायचा निरोप धाडला. तो यायला तयार नव्हता. काढून टाकायला बोलावलं, असं त्याला वाटत होतं. आईनं शर्टाला इस्त्री करून दिली तेव्हा कुठं निघाला.

बैठकीत बाईंनी त्याला काही विचारलं नाही. त्या सरांकडे आणि माझ्याकडे वळल्या. आपण नियम असा लिहिला, की ज्याला आपल्यासोबत राहायचंय त्यानं औषध सोडावं, असं त्या म्हणाल्या. वॉर्डवाल्यांना आपला नियम माहीत नाही आणि आपल्याला त्यांची चिठ्ठी माहीत नाही. सर नळी पाहतात, ही सोनं पाहते, मी पेशी पाहते. या माणसाच्या पोटात सकाळी काय गेलं ते कुणी पाहायचं? सर खाली मान घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, की त्यांनी बढ़िया म्हटलं ते रक्ताला म्हटलं होतं, पण असं म्हणायला नको होतं. त्यांचं सर्वांत उत्तम रक्त गेलं होतं, तरी त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून सर मला आवडू लागले.

मग बाई ती कॅप्सूल काय करते ते सांगू लागल्या, आणि दुसऱ्याच वाक्याला भावाचा हात वर गेला. सवयीनं गेला असावा, कारण तो स्वतःच दचकला. बाई थांबल्या. म्हणाल्या, आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त वेगळं असतं. ते वाकत नाही. जन्मल्यावर शरीर ते बनवणं हळूहळू बंद करतं, पण कसं बनवायचं ते पुरतं विसरत नाही. ही कॅप्सूल शरीराला ते थोडंथोडं आठवायला लावते.

"मंजे माह्या अंगात अजून ते आहे?" भावानं विचारलं, मराठीतच. बाईंना समजलं.

"है," त्या म्हणाल्या. "सोया हुआ है."

मी हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. त्या दुपारी ते मी पहिल्यांदा ऐकलं. मला दिसलं, की त्याच्या हाडांच्या आत खोल कुठंतरी एक लहान मूल पाठ करून झोपलं आहे, आणि आई रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन त्याला उठवायला जाते.

नियम बदलला. लगेच नाही. वरच्या समितीकडे कागद गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी ठरलं, की कॅप्सूल घेणाऱ्यांचंही रक्त घ्यायचं, त्यांचा गट वेगळा ठेवायचा, आणि कुणी आमच्यासाठी औषध थांबवलं असेल तर त्याला आधी वॉर्डात पाठवायचं. या काळात भाऊ नुसता ऐकायला यायचा. तो गप्प असायचा. हात वर करायचा, पण पूर्वीची ती चमक नव्हती. कॅप्सूल मात्र चालू होती. पाऊस पडून गेला, थंडी आली. आई पहाटे उठून त्याच्या श्वासाचा कानोसा घ्यायची. त्या हिवाळ्यात त्याची पाठ दुखली, एकदा गुडघा धरला, पण दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

थंडी सरता सरता त्यानं पुन्हा रक्त दिलं. त्याला स्वतःचं पाहायचं होतं. बाईंनी परवानगी दिली, म्हणून या वेळी नळीवरचा क्रमांक कुणाचा ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सरांनी रक्त सोडलं. लाल पेशी नालीतून चालू लागल्या, गोल, एकमेकींना धक्के देत, जत्रेतून परतणाऱ्या माणसांसारख्या. सरांनी प्राणवायू उतरवला.

काही पेशी वाकल्या. टोकं दिसली. एक आडवी झाली, आणि मला वाटलं, आता. पण तिच्यामागून आलेल्या गोल पेशींनी तिला वळसा घातला, मग तीही सरकली आणि गर्दीबरोबर पुढं गेली. सरांनी आणखी उतरवला. नाली वाहत राहिली. कुठं जरा मंद व्हायची, मग पुन्हा वाहू लागायची. किती वेळ आम्ही ते पाहत होतो कोण जाणे. खोलीत फक्त यंत्राची घरघर होती. माझी लाल सोन्याची बाटली टेबलावर तशीच झाकण लावून उभी होती.

"इसमें तो हमारे करने को कुछ है ही नहीं," सर म्हणाले. आवाजात निराशा होती का, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं, कारण ते हसत होते.

भाऊ पडद्याजवळ सरकला. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळला, आणि त्याचा चेहरा पडला होता.

"ताई, कुठीच नाही अडकलं?"

"नाही."

"मंग आता माह्यं रक्त तुमच्या काहीच कामाचं नाही राहिलं?"

"नाही राहिलं, बाबू," मी म्हणाले. "काहीच कामाचं नाही राहिलं." आणि सरांच्या आणि बाईंच्या देखत मी हुंदके देऊन रडले, आणि रडता रडता त्याला म्हणत राहिले, पाहा, पाहा ना, कसं चाललं आहे.